डुलत्या मोराची बैठक

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच माझी इच्छा आहे, कारण विश्वास बसला की माणसं जांभया देऊ लागतात. तर मित्रांनो, मी एक जुना पितळी मोर आहे. उंची वीतभर आणि वर चार बोटं, पिसारा मिटलेला, मान किंचित तिरकी, जणू शेजारच्या घरातलं भांडण ऐकतो आहे. इंदूरच्या स्नेहलतागंजात, दौलतरावांच्या घरी, पहिल्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात एका काचेच्या कपाटावर मी उभा असतो, आणि या घरातले सगळे निर्णय मी घेतो. लग्नं, नोकऱ्या, गाड्या, भिंतींचे रंग, सगळे. घरातली माणसं नुसती सह्या करतात.

माझा जन्म तोफेतून झाला. हसू नका. दौलतरावांचे खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि त्यांच्या ताब्यात एक तोफ होती. ती फार लाजाळू होती. बत्ती दिली की गोळा टाकायचं सोडून नुसती शिंकायची. शत्रू म्हणायचा, जिवंत राहा. शेवटी कंटाळून खापरपणजोबांनी ती वितळवली. त्यातून एकेचाळीस लोटे झाले, दोन घंटा झाल्या, आणि उरलेल्या पितळेतून मी झालो. तेव्हापासून जवळपास कुणी पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरला की मला अजून नाकात हुळहुळतं.

पण मोराचं मोठेपण मोरात नसतं, मोराखाली असतं. मला ठेवायला शिसवीच्या लाकडाची एक आठकोनी बैठक करून घेतली होती. खाली लाडवासारखे चार गोल पाय. दिसायला अशी देखणी की पहिली दोन वर्षं पाहुणे मला विसरून तिच्याकडेच बघायचे. मी ते मनात ठेवलं.

आता त्या बैठकीचा पुढचा डावा पाय कसा झिजला ते ऐका. दौलतरावांच्या वडिलांचा असा हट्ट होता की मोराचं तोंड नेहमी पाहुण्याकडे असावं. पाहुणा खुर्चीवरून उठून सोफ्यावर बसला की ते मला लगेच तिकडे वळवायचे. दिवसाला पाच-सात पाहुणे, प्रत्येक पाहुणा तीन वेळा जागा बदलणार, आणि मला वळवायचं ते त्याच एका पायावर गरकन फिरवून. तीस वर्षांत तो पाय गव्हाच्या दाण्याएवढा बसला. बाकीचे तीन तसेच राहिले. मग मी डुलू लागलो. घर जरा हललं की मी पुढे झुकायचो आणि परत मागे यायचो.

आमचं घर स्टेशनपासून फार लांब नाही. एके दिवशी वडील दिवाणखान्यात फेऱ्या मारत मोठ्यानं म्हणाले, "दौलतला ही ओव्हरसियरची नोकरी धरू द्यावी का नाही?" नेमकी त्याच वेळी एक मालगाडी गेली, भिंती थरथरल्या, आणि मी मान डोलावली. म्हातारबुवा जागच्या जागी उभे राहिले. म्हणाले, "मोरानं कौल दिला."

झालं. त्या दिवसापासून घरात रीतच पडली. कर्त्या माणसानं अंघोळ करून यावं, माझ्यापुढे हळदकुंकू ठेवावं आणि प्रश्न एकदाच, स्पष्ट आवाजात विचारावा. मोर डुलला तर हो. नाही डुलला तर नाही. आणि मुख्य नियम असा, की एकदा नाही आलं तर तोच प्रश्न पुढचं वर्षभर विचारायचा नाही.

वडिलांच्या मागे दौलतराव कर्ते झाले. माणूस सोन्यासारखा, पण ठरवायची वेळ आली की घाम फुटायचा. त्याला कारणही होतं. आयुष्यात एकदाच त्यांनी मला न विचारता एक निर्णय घेतला होता. कुणाकडून तरी जुनी स्कूटर घेतली. ती फक्त डावीकडे वळायची. सियागंजातून तूरडाळ आणायला म्हणून निघाले, ते डावीकडे वळत वळत सोळा वेळा आमच्याच घरापुढून गेले. प्रत्येक वेळी हात हलवायचे. गल्लीला वाटलं, मिरवणूक आहे. सतराव्या फेरीला पेट्रोल संपलं तेव्हा उतरले, घरात आले, माझ्यापुढे कान धरून उभे राहिले आणि पुन्हा स्वतःहून काहीही ठरवलं नाही. पोह्यांवर शेव किती घालायची हेसुद्धा नाही.

इथपर्यंत मी स्वतःची बरीच तारीफ केली. आता जरा कान इकडे करा, एक खरी गोष्ट सांगतो. खरी गोष्ट मी क्वचित सांगतो, तेव्हा जपून ठेवा.

दौलतरावांशी लग्न होऊन प्रेमलताबाई या घरात आल्या आणि पहिल्याच महिन्यात, फरशी पुसताना, त्यांना एक शोध लागला. माझ्या कपाटाचा एक पाय ज्या फरशीवर आहे ती फरशी सैल आहे. तिचं दुसरं टोक भिंतीलगत मोकळं आहे. त्या टोकावर पायाचा अंगठा दाबला की कपाट केसभर उचललं जातं, आणि वर मी डुलतो. मालगाडी लागत नाही. प्रेमलताबाईंनी तीनदा दाबून पाहिलं, मी तीनदा डुललो. माझ्याकडे बघून त्या हसल्या. मीही हसलो. तिथून आमची भागीदारी सुरू झाली.

कौलाच्या वेळी त्या कपाटाशेजारी हात जोडून, डोळे मिटून उभ्या राहायच्या. साडीच्या निऱ्यांखाली अंगठा. त्यांच्या बी. ए. च्या परीक्षेला मी हो म्हणालो. दौलतरावांच्या बदलीला नाही म्हणालो, कारण तिकडे म्हणे पाणी खारट होतं. एसी घ्यायला तीन उन्हाळे नाही म्हणालो आणि चौथ्या उन्हाळ्यात, बाईंच्या बहिणीनं घेतल्यावर, एकदम हो म्हणालो. त्यांचा मुलगा यशवर्धन याच्यासाठी यामिनीचं स्थळ आलं तेव्हा तर बाईंनी असा जोर लावला की मी कपाटावरून उडालोच. थेट पंख्यापर्यंत गेलो, दोन गिरक्या घेतल्या आणि दौलतरावांच्या ओंजळीत उतरलो. ते म्हणाले, "मोराला मुलगी फारच पसंत दिसते."

एवढा माझा मान. पण मित्रांनो, मान वरच्या अंगाला मिळतो आणि हाल खालच्या अंगाचे होतात. दर सणाला मला चिंच लावून घासायचे, मी सोन्यासारखा चमकायचो. बैठकीकडे कुणी बघायचं नाही. तिच्यावर कुणी ओला पेला ठेवला, त्याची पांढरी वर्तुळं उमटली. समईचं तेल सांडलं. उदबत्तीनं डागलं. मग एका दिवाळीत दारांना तपकिरी ऑइलपेंट देणाऱ्या रंगाऱ्याच्या डब्यात थोडा रंग उरला. तो लगे हाथ माझ्या बैठकीलाही फासून गेला. शिसवीच्या लाकडाला ऑइलपेंट! पुढच्या पावसाळ्यात त्याला फोड आले.

एकदा तर साफसफाईत मी रद्दीच्या ढिगावर विसरलो गेलो आणि रद्दीसकट सुक्या कचऱ्याच्या डब्यात. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली. गाडीवरच्या माणसानं मला दोन हातांनी उचलून वर धरलं. "आंटीजी, ये तो मोर है," तो म्हणाला. "मोर ना गीला होता है ना सूखा. इसको अंदर रखो." इंदूरचा माणूस, कचऱ्याच्या बाबतीत चुकायचा नाही. ते ऐकून गाडीचं गाणं आपोआप थांबलं आणि अख्ख्या गल्लीनं मला सलाम ठोकला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता यामिनीची गोष्ट. अकरा वर्षं ती एका शाळेत भूगोल शिकवत होती आणि रोज डोकं धरून घरी येत होती. शाळा सोडल्यावर एकदा ती घरातली मोडकी आरामखुर्ची घेऊन मल्हारगंजात शरदचंद्र काकांकडे गेली. काकांचं आयुष्य गिरणीच्या सुतारखान्यात गेलं होतं. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी तिथंच एका बोळात जुन्या लाकडी वस्तू नीट करायचं दुकान टाकलं होतं. यामिनी खुर्ची परत आणायला म्हणून गेली आणि दोन वर्षं तिथंच राहिली. म्हणजे रोज सकाळी जायची, संध्याकाळी यायची. तिच्या नखांत पॉलिशचा तांबूस रंग बसला, तो लग्नाकार्यातही निघेना. नात्यातल्या बायका कुजबुजल्या, "सरदारांची सून आणि लाकडावर रेगमाल घासते."

आणि एका गुरुवारी ती दौलतरावांपुढे येऊन उभी राहिली.

"आबासाहेब, खालची शटरची खोली मला द्या," ती म्हणाली. "काका महिनाअखेर देवासला लेकीकडे जाताहेत, कायमचे. हत्यारं मला देणार आहेत. जागा नसेल तर ती सगळी कबाडीत जातील, आणि मी परत घरात बसेन."

दौलतरावांनी माझ्याकडे पाहिलं. घाम आला की ते माझ्याकडेच बघतात. "त्या कुरिअरवाल्या भियाला पण हवी आहे ती खोली. दोनदा येऊन गेला. मी सांगतो म्हटलंय."

"मग लावा ना कौल," प्रेमलताबाई जरा घाईनंच म्हणाल्या आणि कपाटाकडे सरकल्या.

"लावू की. पण आधी सूनबाईंचं काम तर बघू दे. लोकांच्या वस्तू करणार म्हणतात, आणि घरातला मोर बघा. वर राजा, खाली भिकारी." त्यांनी माझ्या बैठकीवर टिचकी मारली, रंगाचा एक पापुद्रा गळून पडला. "सूनबाई, ही बैठक अशी करून आणा की मी बघत राहिलो पाहिजे. रविवार सोडून पुढच्या रविवारी सकाळी दहाला कौल. नव्या बैठकीवर पहिला प्रश्न तुमचा. त्या भियाला अकराला बोलावतो, काय ते सांगून मोकळा होतो."

यामिनीला आनंद झाला. प्रेमलताबाईंचा चेहरा मात्र पोहे खाली लागल्यावर होतो तसा झाला. सासूच्या मनात काय आलं ते सुनेला कळायला चार दिवस लागले. मला तिथल्या तिथं कळलं.

मी स्कूटीवर, यामिनीच्या पायांपाशी, जुन्या गोधडीत गुंडाळून मल्हारगंजात गेलो. काकांनी खालची चाकी फिरवून मला बैठकीपासून वेगळं केलं आणि खिडकीत ठेवलं. जन्मात पहिल्यांदा मी आणि माझी बैठक समोरासमोर. तिनं मला विचारलं, "इतकी वर्षं वर काय करत होतास रे?" मी मान आणखी तिरकी केली.

काकांनी बैठक उलटी-सुलटी केली. "शिसवीवर ऑइलपेंट. ज्यानं केलं त्याचे आठ दिवस पोहे बंद करा."

"रंगारी होता काका. मासाहेबांनी थांबवलं नाही."

"मग मासाहेबांचेही बंद करा."

यामिनीनं आधी रंग सोडवला. पातळ पात्यानं, हलक्या हातानं, लाकडाला ओरखडा न काढता. त्याखालून तेल निघालं, तेलाखालून धूर, धुराखालून पांढरी वर्तुळं. मग रेगमाल, म्हणजे वाळूचा खरखरीत कागद, आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. जसजसं घासत गेली तसतसे लाकडात मुरलेले जुने पाहुणे बाहेर पडू लागले. एक मामा तर चांगला धोतर सावरत उतरला आणि चहा मागू लागला. यामिनीनं फुंकर मारली तसा खिडकीतून गेला. तिसऱ्या दिवशी खरा रंग दिसला: कडक चहासारखा गडद, आणि त्यात काळ्या लहरी. काकांनी चष्मा वर केला. मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला दिलं. ही त्यांची शाबासकी.

मग तिनं बैठक काचेवर ठेवली. टक. दुसऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. टक.

"पाय बसलाय एक," काका म्हणाले. "शिसवीची चकती चिकटव, मग काचेवर रेगमाल ठेवून चारी पाय एका रेषेत घास."

ते काम दुसऱ्या दिवशी करायचं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ई-रिक्षातून प्रेमलताबाई उतरल्या. हातात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा. उपास नसताना.

"यामिनी, रंग दे, चमकव, काय वाट्टेल ते कर," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण तो पाय तसाच राहू दे."

"का मासाहेब?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी पाठ फिरवली, पण कान इकडेच ठेवला. मग बाईंनी फरशीची सगळी हकीकत सांगितली. अंगठ्यासकट.

यामिनी आधी खूप हसली. मग हसता हसता थांबली. "मतलब माझं लग्न..."

"दोन दिवस अंगठा सुजला होता."

"आणि मी शाळा सोडू का म्हणून आबासाहेबांनी विचारलं होतं तेव्हा?"

"तेव्हा मी दोन्ही पायांनी उभी होते त्या फरशीवर. रोज रडवेली यायचीस तू." बाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "आता ऐक. पाय सरळ केलास तर मी नाचले तरी मोर हलणार नाही. नाही हलला तर नाही. आणि परत विचारायचं तर एक साल. तोवर खोलीत कुरिअरची खोकी भरतील. काकांची हत्यारं कुठं ठेवशील, डोक्यावर?"

"तसाच ठेवते मग," यामिनी म्हणाली. आवाज मात्र तिचा नव्हता.

काका पाठ न वळवता बोलले. "चाळीस साल झाले. डुगडुगती वस्तू या हातांखालून बाहेर गेली नाही. आता शेवटच्या महिन्यात जाणार असेल तर जाऊ दे. मी काय बोलणार."

"तुम्ही काही बोलला नाहीत, तरी बरंच बोललात," प्रेमलताबाई म्हणाल्या. डबा ठेवून, झाकण घट्ट आहे ना ते दोनदा बघून त्या गेल्या.

मला विचाराल तर मी बाईंच्या बाजूचा होतो. पाय सरळ झाला की माझं राज्य गेलं. मी खिडकीतून जोरजोरात केकारव केला. त्यानं मल्हारगंजातले सगळे ग्राहक आपापल्या दुकानांतून बाहेर आले आणि आभाळाकडे बघून छत्र्या उघडल्या. यामिनीनं लक्ष दिलं नाही.

त्या दिवशी दुपारभर तिनं बैठकीच्या वरच्या बाजूचं काम केलं. पण मधूनमधून ती खाली ठेवावी लागायची आणि प्रत्येक वेळी टक व्हायचं. तिनं खाली चिंधी घातली. चिंधीतूनही टक. पाच वाजता तिनं हात धुतले, पर्स घेतली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. खिडकीशी येऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"माफ कर रे बाबा," ती म्हणाली. "लोकांच्या वस्तू नीट करायला मी दुकान मागते आहे. पहिलीच वस्तू मुद्दाम वाकडी करून दिली, तर ते दुकान मिळून तरी काय करू?"

मग तिनं चकती कापली, गोंद लावला, शिकंज्यात आवळली. काका तिकडे बघत नव्हते. पण त्यांनी शिकंज्याचा आटा एकदा, हळूच, आणखी अर्धा फिरवला.

पुढचे दिवस पॉलिशचे. लाखेची चपडी स्पिरिटात विरघळवायची, कापसाचा बोळा मलमलच्या चिंधीत बांधायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. हात कुठं थांबला की डाग पडतो. एक थर, मग वाळू द्यायचा, मग पुसट घासायचा, मग दुसरा. असे बारा थर तिनं दिले. शेवटच्या थराला माझं प्रतिबिंब त्यात दिसलं आणि मला उगाच वाटलं, खाली आणखी एक मोर राहायला आला की काय. पायांना तिनं हिरव्या बनातीच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, गोल टिकल्या लावल्या, कपाटाला चरा पडू नये म्हणून.

तिकडे घरी काय चाललं होतं तेही सांगतो. मी नव्हतो तर कुणाला काही ठरवता येईना. प्रेमलताबाई विचारायच्या, "ऐकलं का, संध्याकाळी गिलकी करू की वांगी?" दौलतराव म्हणायचे, "मोर येऊ दे." शेवटी आठ दिवस घरात मुगाची खिचडी झाली, कारण खिचडीला कौल लागत नाही.

शनिवारी मी घरी आलो. दौलतरावांनी कपाटाच्या ड्रॉवरमधून आपली नोकरीतली जुनी पाणसळ काढली. पाणसळ म्हणजे पाण्याची नळी बसवलेली पट्टी. नळीतला बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. त्यांनी ती बैठकीवर आडवी ठेवली, उभी ठेवली, तिरकी ठेवली. बुडबुडा मधे येऊन असा बसला, जणू जेवायलाच बसला आहे. मग त्यांनी मला उलटं करून तळ पाहिला, जिथं कुणी बघत नाही. तळालाही तसंच पॉलिश होतं. त्यांनी तळव्यानं तीनदा हात फिरवला. "हं," एवढंच म्हणाले.

तर मित्रांनो, इथं क्षणभर थांबून मी तुम्हाला हात जोडून एक सांगतो. मला हात नाहीत, पंख जोडतो. घरातली वस्तू पुसाल तेव्हा खालूनही पुसत जा. चमकणारं अंग सगळ्यांनाच दिसतं. ज्यावर ते उभं आहे ते तुम्ही वाकल्याशिवाय दिसत नाही. ओला पेला ठेवण्याआधी खाली काहीतरी ठेवा. रंगारी उरलेला रंग घेऊन तुमच्या लाकडाकडे निघाला तर दार लावून घ्या. आणि ज्या माणसानं तळालाही पॉलिश केलं असेल त्याला किंवा तिला विसरू नका. मी बैठकीला रोज विसरत आलो, म्हणून मला हे सांगायचा अधिकार आहे.

रविवारी सकाळी दहा वाजता कौल. दौलतराव अंघोळ करून आले. हळदकुंकू ठेवलं. यशवर्धन कानांतलं गाणी ऐकायचं यंत्र काढून उभा राहिला, तो घरात असं क्वचितच करतो. यामिनी दारापाशी. नखांतला रंग लपवायला तिनं मुठी मिटल्या होत्या. तिची नऊ वर्षांची लेक रुची माझ्यासमोर उकिडवी बसली, नाक माझ्या चोचीपासून चार बोटांवर. प्रेमलताबाई कपाटाशेजारी हात जोडून, डोळे मिटून, नेहमीच्या जागी.

"मोरा," दौलतराव स्पष्ट आवाजात म्हणाले, "खालच्या खोलीत यामिनीनं आपलं दुकान उघडावं का?"

बाईंचा अंगठा दाबला गेला. मला कळलं. कपाट केसभर उचललं गेलं, तेही कळलं. पण चारी पाय एकसारखे टेकलेले, खाली बनात, आणि मी त्या आरशासारख्या बैठकीवर देवळातल्या खांबासारखा उभा. बाईंनी पुन्हा दाबलं. मग टाच लावली. निऱ्या हलल्या. बांगड्या वाजल्या. यामिनीनं मान खाली घातली. तिला हे सहा दिवस आधीच माहीत होतं, तरी घातली. खाली रस्त्यावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. कुरिअरवाला भिया लवकरच आला होता.

दौलतरावांच्या कपाळावर घाम फुटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बैठकीकडे पाहिलं, फार वेळ. मग, डोळे न हलवता, म्हणाले, "पुरे आता. पाय दुखेल तुमचा."

प्रेमलताबाईंनी डोळे उघडले. पाय तसाच अर्धवट उचललेला राहिला. "तुम्हाला..."

"एसीच्या सालापासून," दौलतराव म्हणाले. "चौथ्या उन्हाळ्यात तुम्ही कपाटच सरकवलंत."

आणि मग, मित्रांनो, जे घडलं त्याला जगात तोड नाही. त्या सपाट, एका रेषेत घासलेल्या बैठकीवर मी स्वतःच्या ताकदीनं डुललो. अंगठा नाही, मालगाडी नाही. असा झुकलो की चोच हळदकुंकवात बुडाली, आणि असा मागे आलो की मिटलेला पिसारा कोनाकोपऱ्यापर्यंत उघडला. दिवाणखाना निळा झाला. खालच्या भियाचं हेल्मेट गरगर फिरलं. राजवाड्यापर्यंतच्या सगळ्या घंटा वाजल्या.

"डुलला," दौलतराव म्हणाले. त्यांच्या कपाळावरचा घाम गालापर्यंत आला होता, पण आवाज पक्का होता. "सूनबाई, मोर डुलला. त्या भियाला मी सांगून येतो, किल्ली घरातच राहणार."

"डुलला ना," प्रेमलताबाई पाय खाली टेकवत म्हणाल्या. "चांगला डुलला."

"मी पण बघितलं," यशवर्धन म्हणाला. त्याचं लक्ष फोनकडे होतं.

यामिनीनं मान वर केली. तिनं मुठी उघडल्या.

माझ्या चोचीसमोर बसलेली रुची मात्र उठली. तिनं आधी माझ्याकडे बोट दाखवलं, मग आजोबांकडे.

"आबा, खोटं," ती म्हणाली. "मी पापणीपण नाही मिटली. हा मोर जागचा हललाच नाही."